दोन हाफ

“दोन हाफ,” मी म्हणाले. कंडक्टरनं खिडकीशी बसलेल्या माझ्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता मशीनची बटणं दाबली. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते आधीपासूनच आहे. म्हणजे पुण्याहून बोरघाट उतरून खोपोलीला निघालेल्या आम्हा मायलेकांची मिळून किंमत एका माणसाएवढी होती.

मुलगा पावणेबारा वर्षांचा. जानेवारीत बारा पूर्ण होणार आणि त्या दिवसापासून तो फुल. ही सहल त्याच्या आत व्हायला हवी, असं मी ठरवलं होतं. तिकिटाचे शंभरेक रुपये वाचतील म्हणून नव्हे. घरात जी चिन्हं दिसू लागली होती ती पाहून. खोलीचं दार लोटलं जाऊ लागलं होतं, शाळेच्या गेटापाशी मी चार पावलं मागं राहावं अशी अपेक्षा होती आणि आवाज मधूनच घोगरा व्हायचा. आईबरोबर दोन दिवस एकटं जायला हा मुलगा अजून किती महिने राजी असेल, याचा अंदाज मला लागत होता. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि खरं सांगायचं तर आम्ही त्याला फारसा आग्रहही केला नाही.

जायचं कुठं, हे मुलानं दोन वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. तेव्हा शाळेची सहल खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला गेली होती आणि ‘नायट्रो’ नावाच्या रोलर कोस्टरच्या दाराशी त्याला थांबवलं होतं. तिथं उंचीची पट्टी होती आणि हा तिच्या चार बोटं खाली. वर्गातली उंच मुलं आत गेली, हा सरांबरोबर बाहेर राहिला. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघा सुरू झाल्या. दर महिन्याच्या एक तारखेला पाठ टेकून उभं राहायचं, डोक्यावर कंपासपेटीतली पट्टी आडवी धरायची, रेघ मारायची. हा कार्यक्रम दोन वर्षांत एकदाही चुकला नाही.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या लहानपणी एसटीत चढताना वडील दबक्या आवाजात सांगायचे, गुडघे जरा वाकव, आणि कंडक्टरनं वय विचारलंच तर अकरा सांग. मी तेरा वर्षांची होईपर्यंत अकराची होते. आमची सगळी पिढी गुडघ्यात वाकून लहान राहिली. माझा मुलगा टाचा उंचावून मोठा होऊ पाहत होता. निघायच्या आदल्या रात्री त्यानं बुटात दुसरी मोज्यांची जोडी कोंबली होती, ती मी काढून घेतली.

जत्रेत अशी पट्टी नसायची. पाळणेवाला लोखंडी दांडा अडकवायचा, “घट्ट धरा” म्हणायचा आणि वर पाठवायचा. टोराटोरा, ब्रेकडान्स, ‘मौत का कुवा’ हे सगळं देवाच्या नावानं भरलेल्या मैदानात असे. आधी दर्शन, मग पाळणा, मग भजी, हा क्रम ठरलेला. मुंबईकरांसाठी १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं, तेव्हा पहिल्यांदा देवाशिवायची जत्रा उभी राहिली. होडीतून खाडी ओलांडायची आणि दिवसभराचं एकच तिकीट काढायचं.

इमॅजिका त्याच्या बरंच नंतरचं, २०१३चं. ते उभारलं मनमोहन शेट्टींनी. फिल्म प्रोसेसिंगची ॲडलॅब्ज काढणारे, वडाळ्याचं आयमॅक्स थिएटर उभं करणारे तेच. ‘अर्धसत्य’ या १९८३च्या चित्रपटाचे ते एक निर्माते होते, हे कळल्यावर मला माझे एसटीत अकरा वर्षांचे असण्याचे दिवस आठवले. खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला, खोपोली–पाली रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी ही जागा आहे. थीम पार्कनंतर वॉटर पार्क झालं, हॉटेल झालं, बर्फाचं दालन झालं. २०२२मध्ये सगळा कारभार संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. लोणावळ्याचं आणि शिर्डीचं वॉटर पार्क त्यांचंच. शिर्डीला साईदर्शन झाल्यावर पोरांना पाण्यात सोडता येतं. जत्रेचा जुना क्रम पूर्ण मोडलेला नाही, हे यावरून कळतं.

*

आता नियोजन. या शब्दाची मला धास्ती आहे, कारण आमच्या घरात तो माझ्याच वाट्याला येतो. पण दोनच माणसं असली की सहलीचं गणित पार बदलतं, हे मला वही घेऊन बसल्यावर कळलं.

पहिला प्रश्न तारखेचा. मे महिन्यात सुट्टी असते, पण खोपोलीचा मे म्हणजे तापलेला तवा, त्यात रांगा. जून ते सप्टेंबर डोंगर हिरवेगार असतात, पण सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस सांगून येत नाही. वीज कडाडली की उघड्यावरचे पाळणे थांबवावेच लागतात. डिसेंबर–जानेवारीत हवा उत्तम, पण तो शाळांच्या सहलींचा हंगाम. एकेका शाळेच्या चार-चार बसेस लागतात, आणि प्रत्येक रांगेत एकाच रंगाच्या टोप्या घातलेली शंभर पोरं असतात. मुलाच्या सरांना विचारलं, तर त्यांनी या हंगामाच्या तारखाच पाठ म्हणून दाखवल्या. उरली ती दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की मधली फट. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटचा मंगळवार-बुधवार धरला. शाळा दोन दिवस बुडाली. सरांनी कारण विचारलं नाही, तारीख ऐकूनच ते ओळखून होते.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. महाराष्ट्रात गेली काही वर्षं रिसॉर्ट म्हटलं की आमदार आठवतात. पण रिसॉर्टची खरी गरज लहान मुलांच्या आयांना असते. पार्क सकाळी उशिरा उघडतं आणि रात्री बंद होतं. दिवसभर चालून, भिजून, ओरडून थकलेलं पोर रात्री घाट चढून घरी न्यायचं म्हणजे दिवसभराच्या आनंदावर पाणी. शेजारीच खोली असली तर दुपारी उन्हाच्या वेळी दोन तास पाठ टेकता येते, ओले कपडे बदलता येतात. इमॅजिकाला लागूनच नोव्होटेल आहे. तिथली एक रात्र हा आमच्या सहलीतला सगळ्यात मोठा खर्च होता. तो मी दोन महिने आधी मंगळवार पाहून केला. शनिवार-रविवारचा आणि आडवारचा दर यांत चांगलंच अंतर असतं. बजेट कमी असेल तर खोपोलीत साधी लॉजेस आहेत. फक्त रात्री परतायला रिक्षा आधी सांगून ठेवायची.

तिसरा प्रश्न पोटाचा. आमच्या चिरंजीवांना घाटात गाडी लागते. वैद्यकीय कारण साधं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर हलतंय, डोळे सांगतात की समोरची सीट जागच्या जागी आहे. दोघांची साक्ष जुळेना की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. म्हणून खिडकी त्याची, हा आमच्या घरचा कायदा. बाहेरचं हलतं जग दिसलं की साक्ष जुळते. हेच पार्कातही लागू पडतं. भल्यामोठ्या पडद्यासमोर खुर्च्या हलवणारे जे खेळ असतात, ‘मिस्टर इंडिया’सारखे, ते गाडी लागणाऱ्या मुलाला खऱ्या रोलर कोस्टरपेक्षा जास्त त्रास देऊ शकतात. कोस्टरमध्ये निदान डोळे आणि कान एकच गोष्ट सांगत असतात. हे खेळ जेवणाआधी किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. पिशवीत आवळासुपारी.

चौथा प्रश्न मला वही घेऊन बसेपर्यंत सुचलाच नव्हता. मोठ्या पाळण्यात दोघांपैकी एकाला बसायचं नसेल, तर दुसऱ्यानं काय करायचं?

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिनं आजी-आजोबांसकट सगळ्या कुटुंबाला फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला दोनदा नेलंय, त्यामुळे तिला फोन लावला. तिकडे ‘रायडर स्विच’ म्हणून सोय असते. उंचीत न बसणाऱ्या पोराला घेऊन एक मोठं माणूस बाहेर थांबतं, दुसरं आत जाऊन येतं. मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. पण या सोयीला दोन मोठी माणसं लागतात. एकटी आई किंवा एकटा बाप असेल तर पोराला सोडून जाता येत नाही, म्हणजे पोराला जे झेपेल तेच दोघांनी करायचं. डिस्नेत सात वर्षांखालच्या मुलाला तर पाळण्यातही चौदा वर्षांवरच्या कुणाची सोबत लागते. मुलगा मोठा झाला की प्रश्न उलटा होतो. त्याला जायचं असतं, आईला नको असतं. मग आई बाकावर.

थीम पार्कचा जन्मच अशा एका बाकावर झाला, असं सांगतात. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना घेऊन यायचा. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रात बसायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. मुलं आणि आईबाप दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, असं त्याला वाटलं. १७ जुलै १९५५ला ॲनाहाइमच्या संत्र्यांच्या बागांच्या जागी डिस्नेलँड उघडलं. त्या बाकांपैकी एक तिथं आजही जपून ठेवलंय. पण गेल्या सत्तर वर्षांत जगभर जेवढी थीम पार्कं झाली, त्या प्रत्येकात बाकं आहेत आणि त्यांवर आईबाप बसलेले असतात. वॉल्टचा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

*

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा शेतांतलं भात कापून झालं होतं. जागोजागी पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. त्यांच्या मागे झाडांच्या वर लाल-पिवळ्या लोखंडाचं वळण दिसलं. मुलगा बोलायचा थांबला.

पार्कात शिरल्यावर बहुतेक लोक दाराजवळच्या पहिल्या खेळाला उभे राहतात. म्हणून आपण पहिला तासभर सरळ टोकाला जायचं आणि उलट्या दिशेनं परत यायचं. टीप जुनी आहे, पण चालते. रांग लांब दिसली तरी घाबरायचं नाही, मोजायची. धरूया, एका गाडीत २८ जागा आहेत आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला वीस फेऱ्या, म्हणजे ५६० माणसं. आपल्यापुढे दीडशे डोकी असतील तर सोळा मिनिटं. गाडी सहा मिनिटांनी सुटत असेल तर बत्तीस. हे गणित मुलाला एकदा शिकवलं आणि नंतर दिवसभर प्रत्येक रांगेत “अकरा मिनिटं”, “तेवीस मिनिटं” असे निकाल ऐकत राहिले. दोन-तीनदा तो अगदी बरोबर आला. रांगांना वळसेही मुद्दाम दिलेले असतात. सरळ रांग लांब वाटते, गुंडाळलेली आटोक्यात वाटते. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभ्या राहिलेल्या माणसाला हे निराळं सांगायला नको. पदस्पर्शाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते, तशी इथं जादा पैसे भरणाऱ्यांची वेगळी. मंगळवारी ते पैसे भरायची गरज पडली नाही.

सकाळी राजासॉरसच्या होडीत बसलो. हा डायनासोर बनावट नाही. गुजरातेत रहिओलीला त्याची हाडं सापडली आणि २००३मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं नाव दिलं, नर्मदेवरून. हे मी सांगत असतानाच होडी उतारावरून खाली गेली आणि नर्मदेसकट सगळं पाणी आमच्या अंगावर आलं. मग ‘आय फॉर इंडिया’, पाय लोंबकळत देशावरून उडवणारं. कपडे वाळले. दुपारी खोलीवर जाऊन दोन तास पडलो. चार वाजता तो म्हणाला, “चल. नायट्रो.”

पट्टी वयाची न ठेवता उंचीची का, हे एव्हाना मला कळलं होतं. खुर्चीला वय कळत नाही. खांद्यावरून येणारा दांडा ठरावीक बांध्याच्या माणसासाठी बनवलेला असतो. अंग त्यापेक्षा छोटं असेल तर मध्ये फट राहते, आणि गाडी उलटी झाली की त्या फटीतून शरीर सरकू शकतं. म्हणून तिथं रडून, विनवून, ओळख सांगून उपयोग नसतो. एसटीतला कंडक्टर ऐकून घेतो, लोखंड ऐकत नाही.

तो बूट जमिनीला नीट टेकवून, ताठ उभा राहिला. दारावरच्या मुलीनं पाहिलं आणि हात आत केला. जा. पट्टीच्या तो बराच वर होता.

आम्ही आत गेलो. वळसे घालत पुढे सरकलो. नायट्रो स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीनं बनवलेली. चाळीस मीटर उंच, पाच वेळा उलटी होणारी, आणि पायाखाली फरशी नसलेली. पाय हवेत. चढावर साखळी गाडीला ओढत नेते, तेव्हा टक-टक-टक आवाज येतो. गाडी मागं घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्ट्यांचा तो आवाज. माथ्यावर साखळी सोडून देते. पुढच्या सगळ्या प्रवासाला मोटार नाही, नुसतं गुरुत्वाकर्षण. म्हणूनच पहिला चढ सगळ्यात उंच असतो, त्यानंतरचा प्रत्येक त्याहून बुटका. मुलाला स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा शाळेत नुकतीच झाली होती. तो वर बघत राहिला. डोक्यावरून एक गाडी गेली. अठ्ठावीस माणसं आणि छप्पन्न पाय.

“आई,” तो म्हणाला, “मला नको.”

मी काही बोलले नाही.

“म्हणजे मी बसू शकतो. पण नको.”

दोन वर्षांच्या चौकटीवरच्या चोवीस रेघा माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. पट्टी उंची मोजते, इच्छा मोजत नाही, हे मी कुठल्याच यादीत लिहिलं नव्हतं. सगळी सहल मी या तीन मिनिटांभोवती बांधली होती. मी म्हणाले, ठीक आहे, चल बाहेर. तो जागचा हलला नाही.

“तू जा ना,” तो म्हणाला. “एवढं पुढं आलोय. फक्त आठ मिनिटं राहिलीत.”

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. आयुष्यात जत्रेतल्या पाळण्याहून वर गेलेली नाही. तिथंही वडिलांच्या बंडीचं टोक धरून. नाही म्हणायला माझ्याकडे दहा कारणं होती. पण त्यानं आधीच हात पुढे केला होता. मी त्याच्या हातात पर्स दिली, फोन दिला, शेवटी चष्मा दिला. तो बाहेर जाऊन बाकावर बसला, पर्स मांडीवर घेऊन.

चष्म्याशिवाय मला दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. त्यामुळे चाळीस मीटरवरून मी काय पाहिलं ते सांगू शकत नाही. खाली हिरवं-पिवळं काहीतरी होतं, पुढे डोंगरासारखं निळं काहीतरी. टक-टक थांबली. मग जे झालं त्यात विचार नव्हता. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास माणूस विचार करत नाही. घरी गॅस बंद केला का, हे आठवायला लागतं तेवढं डोकं जागेवर नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत इतका वेळ मी मुलगा कुठं आहे हे विसरले नव्हते. तो पूर्ण वेळ, जेमतेम दोन-तीन मिनिटं, मी विसरले.

बाहेर आले तर तो उभाच होता. त्यानं चष्मा शर्टाला पुसून दिला.

“ओरडलीस?”

“खूप.”

“मला ऐकू आलं नाही. मी बघत होतो, पण तू कुठली ते कळेना. सगळ्यांचे पाय सारखेच दिसतात.” मग थोडं थांबून, “दोनदा फोन आला बाबांचा. मी सांगितलं, आई नायट्रोत आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.”

*

दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क ठरलं होतं. सकाळी दोघांनाही पुन्हा भिजायचं नव्हतं. एका दिवसाला पुरेल एवढंच यादीत ठेवावं, हेही मी तिथंच शिकले. याच रस्त्यानं पुढे पाली. आम्ही पालीच्या गाडीत बसलो.

अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा गणपती पालीचा, बल्लाळेश्वर. आणि तो भक्त एक लहान मुलगा. वाटेत मी ती गोष्ट सांगितली. कल्याण नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ गावातली पोरं गोळा करून रानात जायचा. एका दगडाला गणपती मानून त्यांचा खेळ आणि पूजा चालायची, आणि त्यात पोरं तहान-भूक विसरायची. घरी परतायचं भान राहायचं नाही. गावकरी तक्रार घेऊन बल्लाळच्या बापाकडे आले. बाप काठी घेऊन रानात गेला, देव फेकून दिला, पोराला मारलं आणि झाडाला बांधून घातलं. गणपतीनं येऊन त्याला सोडवलं आणि तिथंच राहिला. बापानं फेकलेला तो दगड म्हणजे मागचा धुंडीविनायक. त्याचं दर्शन आधी घ्यायचं.

देवळात मुलगा बराच वेळ घंटेकडे बघत होता. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली ती, असं सांगतात. मग बाहेर पायरीवर बसून बूट घालताना त्यानं विचारलं, “बल्लाळची आई कुठं होती?”

“घरी असेल.”

“रानात का नाही गेली? बाप मारायला गेला. आई खेळायला जाऊ शकली असती.”

गोष्ट मी कित्येकदा ऐकली आणि सांगितली आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

परतीच्या गाडीत गर्दी होती. खोपोली सोडल्यावर कंडक्टर आला. या वेळचा जरा वयस्कर, बारीक नजरेचा. त्यानं मुलाच्या ओठावरची नुकतीच उमटू लागलेली रेघ पाहिली.

“किती वर्षं रे?”

माझे गुडघे आपोआप वाकले.

“अकरा,” मुलगा म्हणाला. “जानेवारीत बारा.”

“मग यंदा हाफ,” कंडक्टर म्हणाला, आणि मशीनमधून तिकिटं निघाली.

घाट सुरू झाला. मुलानं तिकिटं हातात घेऊन वाचली, मग मला दिली. “म्हणजे जानेवारीपासून मी फुल आणि तू हाफ.”

“हो.”

त्यानं थोडा विचार केला. “मग खिडकी कुणाची?”

मी पिशवीतून आवळासुपारी काढली आणि आधी त्याच्या हातावर ठेवली.